चौकटींमधली फट: राष्ट्रीय शोकावर श्रद्धांजलीचं कॉमिक्स कसं करावं

नोव्हेंबर २००१मध्ये 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३६वा अंक अमेरिकेतल्या दुकानांत आला, तेव्हा त्याचं मुखपृष्ठ नुसतं काळं होतं. वर मासिकाचं नाव, खाली अंधार. ११ सप्टेंबरला न्यू यॉर्कचे जुळे मनोरे कोसळून दोन महिनेच झाले होते. त्या दिवसाच्या हल्ल्यांत २,९७७ माणसं गेली, त्यातले ३४३ एकट्या न्यू यॉर्कच्या अग्निशामक दलातले. स्पायडर-मॅन तर त्याच शहरातला. धुळीने माखलेली माणसं पळता पळता त्याला विचारतात, तू कुठे होतास? त्याच्याकडे उत्तर नसतं. लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की आणि चित्रकार जॉन रोमिटा ज्युनिअर यांनी ते उत्तर शोधायचा खटाटोपही केला नाही. त्या अंकाची ताकद मला तिथेच दिसते.

माझ्याकडे मुलंमुली आपली पानं घेऊन येतात. कुणाची २६/११ वर, कुणाची कोविडवर, कुणाची महापुरावर. बहुतेक पानांवर तेच दिसतं: ज्वाळा, मेणबत्ती, रडणारी भारतमाता आणि खाली 'विनम्र अभिवादन'. मुलांच्या मनात तळमळ खरी असते. फक्त ती पानावर कशी उतरवायची हे कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून हा लेख. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेत जी कॉमिक्स निघाली, त्यांच्याकडून काय घ्यावं, काय टाळावं आणि तुमचं स्वतःचं आठ-सोळा पानांचं पुस्तक कसं तयार करावं, हे क्रमाने सांगतो. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: मृत्यूचा क्षण काढू नका. त्याच्यासाठी दोन चौकटींमध्ये जागा सोडा.

पायरी १: आपण कुठे उभे आहोत ते ठरवा

कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: ही घटना घडली तेव्हा मी कुठे होतो?

हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा जपानी कॉमिक्सकार केइजी नाकाझावा सहा वर्षांचे होते. वडील, बहीण आणि भाऊ त्यांनी त्या दिवशी गमावले. तरी या विषयाला त्यांनी कित्येक वर्षं हात लावला नाही. १९६६मध्ये आई गेली. दहनानंतर तिच्या अस्थीही धड हाती आल्या नाहीत, नुसता चुरा उरला. त्या संतापातून ते बॉम्बकडे वळले, आणि १९७३मध्ये 'बेअरफूट गेन' हे त्यांचं कॉमिक सुरू झालं. त्यात होरपळलेली माणसं आहेत, गळणारी कातडी आहे. नाकाझावांना तो अधिकार होता, कारण ते पाहिलेलं काढत होते.

अमेरिकी कॉमिक्सकार आर्ट स्पीगलमन मनोऱ्यांच्या जवळच राहायचे आणि त्यांची मुलगी तिथल्याच शाळेत होती. ते आणि त्यांची बायको तिला आणायला धावले. 'इन द शॅडो ऑफ नो टॉवर्स' या त्यांच्या पुस्तकात उत्तरेकडचा मनोरा कोसळण्याआधीचा तापून लाल झालेला सांगाडा पानोपानी परत येतो. तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल तर तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. मग तुमची गोष्ट टीव्हीसमोरच्या माणसाची असू शकते, किंवा दुसऱ्या कुणाची ऐकलेली असू शकते. साक्षीदाराला जे काढण्याची मुभा आहे, ते पाहुण्याने काढायचं नाही. ही मर्यादा मी फार कडक पाळतो.

पायरी २: ऐकायला जा, वही न घेता

ही पायरी मी एकदा गाळली होती, म्हणून सविस्तर सांगतो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३:५६ला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून गावं उशिरा झोपली होती. मी त्यावर चार पानं केली. वर्तमानपत्रांतले फोटो समोर ठेवून ढिगारा काढला, ढिगाऱ्यातून वर आलेले हात काढले, टाहो फोडणाऱ्या बाया काढल्या. आमच्या नात्यातल्या, उमरगा भागातल्या एका आजींना मोठ्या उत्साहाने ती दाखवली. आजींनी पानं सावकाश उलटली आणि म्हणाल्या, "लेकरा, ह्या दाराला उंबराच न्हाई. आन् माणसं लई रडायलेत ह्यात. त्या दिवशी कुनी रडत नव्हतं बघ. काय झालंय तेच कळत नव्हतं."

ती चार पानं मी बाजूला ठेवली आणि आजींकडे परत गेलो, या वेळी रिकाम्या हातांनी. तेव्हापासून मी असं करतो:

पहिल्या भेटीत वही नाही, मोबाइलवर रेकॉर्डिंग नाही. चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या, आपण काय करतोय ते सरळ सांगायचं. दुसऱ्या भेटीत परवानगी घेऊन वही काढायची. 'तेव्हा तुम्हाला कसं वाटलं' हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं, आणि माणूस मग पेपरात वाचलेलं बोलतो. वस्तूंबद्दल विचारा. दार कुठल्या तोंडाचं होतं? चूल कुठे होती? घरात सगळ्यांत आधी कोण उठायचं? दोघांनी मिळून घराचा नकाशा काढा. आजींनी माझ्या वहीत पेन्सिलीने स्वतः चौकोन आखला आणि त्यात देवळी कुठे, रांजण कुठे, कोण कुठे झोपायचं ते खुणेने दाखवलं. त्या एका पानाने मला सगळ्या फोटोंपेक्षा जास्त दिलं.

बोलता बोलता माणूस थांबला तर आपणही थांबायचं. घरातलं आणखी कुणीतरी सोबत असू द्या. आणि संमती दोनदा घ्या: एकदा ऐकताना, दुसऱ्यांदा काढलेलं पान दाखवताना. दुसऱ्या वेळी ते 'नको' म्हणाले तर पान काढून टाकायचं, तिथे वाद घालायचा नाही.

पायरी ३: गोष्ट लहान करा

आठ पानांत राष्ट्र मावत नाही. एक माणूस आणि एक सकाळ मावते. स्पायडर-मॅन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने २००२च्या सुरुवातीला 'अ मोमेंट ऑफ सायलेन्स' हा अंक काढला. त्यात छोट्या गोष्टी आहेत आणि संवाद नाहीत. शब्द गेले की चित्रकाराला माणसाच्या हालचालीकडे बघावंच लागतं: नाश्त्याचं टेबल, जिना, बूट. सरावासाठी हाच मार्ग धरा. तुमची गोष्ट आधी संवादाचा एकही फुगा न वापरता सांगून बघा. जी चौकट शब्दांशिवाय कळत नाही, ती बहुतेक वेळा चुकीची चौकट असते.

पायरी ४: नायकाला मागे सरकवा

श्रद्धांजलीच्या कॉमिक्समधली सगळ्यांत मोठी चूक इथे होते, आणि सगळ्यांत देखणं कामही इथेच झालंय.

सुपरमॅनचे प्रकाशक डीसी यांनी काढलेल्या '९-११' संग्रहाच्या दुसऱ्या खंडाचं मुखपृष्ठ चित्रकार अॅलेक्स रॉस यांचं आहे. सुपरमॅन आणि त्याचा कुत्रा क्रिप्टो आपल्याकडे पाठ करून उभे आहेत, मान वर करून एका भल्यामोठ्या चित्राकडे बघतायत. त्या चित्रात अग्निशामक जवान, पोलीस, डॉक्टर, परिचारिका आहेत. १९४४च्या एका कॉमिकच्या मुखपृष्ठावर एक मुलगा असाच मान वर करून सुपरहिरोंकडे बघत होता. रॉस यांनी तीच रचना घेतली आणि बघणाऱ्याच्या जागी सुपरमॅनला उभं केलं. एकही शब्द न वापरता मोठं कोण ते ठरलं. त्याच खंडातल्या एका गोष्टीत सुपरमॅन कबूल करतो की मी गुरुत्वाकर्षणाला हरवू शकतो, पण ज्या कल्पित पानांत मी राहतो त्यातून बाहेर पडू शकत नाही. ते पान एका मुलाच्या हातात असतं, आणि त्या मुलाला न्यायला येतो तो साधा हाडामांसाचा अग्निशामक जवान.

आता चूक. स्पायडर-मॅनच्या त्या काळ्या अंकातच खलनायक ढिगाऱ्याशी येऊन उभे राहतात आणि डॉक्टर डूमच्या डोळ्यांत पाणी येतं. यावर वाचकांत बरीच चर्चा झाली, अजूनही होते. माझं मत स्पष्ट आहे: ती चौकट नको होती. हा माणूस गोष्टींमध्ये स्वतः शहरं उद्ध्वस्त करायला निघतो, त्याचे अश्रू पटत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे वाचकाची नजर त्याच्या मुखवट्यावर अडकते आणि बाजूला राबणारी खरी माणसं दिसेनाशी होतात. याच अंकात कॅप्टन अमेरिका नुसता उभा आहे, काही बोलत नाही, आणि ते काळजाला भिडतं. वडील गमावलेल्या मुलाला स्पायडर-मॅन जवळ घेतो ते पानही तसंच आहे.

तुमच्याकडे सुपरमॅन नसेल. (असूही नये. ती पात्रं कंपन्यांच्या मालकीची आहेत, तुमच्या छापील पुस्तकात ती वापरता येत नाहीत.) पण नायक तुमच्याकडेही असतो. बहुतेकदा तो तुम्ही स्वतः असता, 'मी तिथे गेलो, मी हेलावलो' असं सांगणारा. कच्च्या मांडणीवर लाल पेन घ्या आणि स्वतःला किती चौकटींत काढलंय ते मोजा. माझ्या पहिल्या मसुद्यात मी ११ चौकटींत होतो. आता एकात आहे, पाठमोरा.

मदत करणारी माणसं काढताना त्यांच्या कामाचं वजन काढा. न्यू यॉर्कचे जवान २५ किलोहून जास्त सामान अंगावर घेऊन जिने चढत होते. ते वजन चेहऱ्यावरच्या शौर्याने दिसत नाही. वाकलेल्या गुडघ्यात आणि कठड्यावर टेकलेल्या हातात दिसतं.

पायरी ५: पान आणि फट

आता मुख्य गोष्ट. भूकंपाच्या क्षणाचं पान मी आजींच्या नकाशावरून पुन्हा केलं, ते चौकटीवार सांगतो. ए४ आकार, सहा चौकटी.

पहिली: दाराशी लाकडी पाट. गणपती गेलाय, पाटावर सुकलेल्या दूर्वा आणि एक जास्वंद. वर मथळ्यात फक्त तारीख आणि वेळ. दुसरी: झोपलेल्या माणसांचे पाय, वाकळेबाहेर आलेले, लहानमोठे, सात जोड्या. तिसरी: देवळीत मिणमिणती चिमणी. चौथी: तीच देवळी, त्याच कोनातून, तीच चिमणी. फक्त ज्योत एका बाजूला झुकलेली.

मग फट. एरवी दोन चौकटींमध्ये मी चारपाच मिलिमीटर सोडतो. इथे पानाच्या पूर्ण रुंदीची २५ मिलिमीटर कोरी पट्टी आहे. तिच्यात काही नाही.

पाचवी: तीच देवळी, पण भिंतीचा तेवढाच तुकडा उभा आहे आणि वर जिथे माळवद होतं तिथे आभाळ आहे, चांदण्यांसकट. सहावी: पाट. त्यावर माती.

त्या भागातली घरं जाड दगडी होती, मातीत रचलेली, आणि वर लाकडांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर त्या पहाटे झोपलेल्यांवर आलं. हे एकदा समजलं की ढिगाऱ्यातले हात काढायची गरज उरत नाही. पाचव्या चौकटीतलं आभाळ पुरतं, कारण छप्पर कुठे गेलं हे वाचक त्या कोऱ्या पट्टीत स्वतः समजून घेतो. जे तो स्वतः समजतो ते तो विसरत नाही, आणि मेलेल्या माणसाचा देह कुणापुढे उघडा पडत नाही.

हे करताना तीन गोष्टी सांभाळा. फटीच्या आधीची आणि नंतरची चौकट एकाच कोनातून घ्या, नाहीतर वाचक जागा ओळखत नाही. फट पानाच्या मध्यावर किंवा थोडी खाली ठेवा. पान उलटताना येणारी फट धक्का देते, आणि इथे आपल्याला धक्का द्यायचा नाही. आणि एका पुस्तकात अशी फट एकदाच. दुसऱ्यांदा केलीत की ती क्लृप्ती होते.

पायरी ६: शब्द आणि आवाज

'धडाम' लिहू नका. अमेरिकी चौकशी आयोगाच्या अहवालावरून सिड जेकबसन आणि अर्नी कोलोन यांनी २००६मध्ये चित्ररूप अहवाल केला. अतिशय कष्टाचं काम, पण स्फोटांच्या चौकटींत मोठ्या अक्षरांतले आवाज आहेत आणि तिथे ते पुस्तक एकदम हाणामारीच्या कॉमिकसारखं दिसायला लागतं. लोकांनी त्यावर टीका केली आणि ती रास्तच होती.

फुग्यात माणसाची बोली जशीच्या तशी ठेवा. आजींचं 'रडायलेत' मी 'रडत आहेत' केलं असतं तर आजी पानातून निघून गेल्या असत्या. विशेषणं काढून टाका: भीषण, हृदयद्रावक, काळरात्र. चित्र बोलत असताना मथळ्यात तेच परत सांगू नका.

पायरी ७: वेळ, आकडे, नावं

त्याच चित्ररूप अहवालातली एक मांडणी मात्र मी दर कार्यशाळेत समजावून सांगतो. चार विमानांच्या चार आडव्या पट्ट्या, एकाखाली एक, वेळेनुसार सोबत पुढे सरकणाऱ्या. ८:४६ला पहिलं विमान उत्तर मनोऱ्यावर आदळतं, तेव्हा खालच्या पट्ट्यांत बाकीची विमानं अजून हवेत आहेत. ९:०३ला दुसरं, ९:३७ला पेंटागॉनवर तिसरं, १०:०३ला चौथं पेनसिल्वेनियात कोसळतं. कुणाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे दाखवायला गद्यात कितीतरी पानं लागली असती. कॉमिक्समध्ये नजर वरखाली फिरवली की कळतं.

तुम्हीही चित्रं काढण्याआधी असा वेळेचा तक्ता भिंतीवर लावा. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून मिळाली ते लिहा. मृतांचे आकडे अनेकदा वेगवेगळे मिळतात. मग पानावर आकडा टाकायचा तर कुणाचा ते सांगा, किंवा टाकूच नका. खऱ्या माणसाचं नाव घरच्यांनी होकार दिल्याशिवाय नको. नाव बदललं तर चेहरा, गाव आणि व्यवसायही बदला, नुसतं नाव बदलून माणूस लपत नाही. फोटो बघून अभ्यास करा, पण गिरवू नका. फोटो छायाचित्रकाराचा असतो, आणि त्यातला माणूसही कुणाचा तरी असतो.

पायरी ८: काळा रंग आणि छपाई

'द न्यू यॉर्कर'च्या २४ सप्टेंबर २००१च्या अंकाचं मुखपृष्ठ पहिल्या नजरेला कोरं काळं वाटतं. अंक उजेडात तिरका धरला की काळ्यावर काळे दोन मनोरे दिसतात. उत्तर मनोऱ्याची अँटेना मासिकाच्या नावातल्या अक्षरात घुसलेली. हे स्पीगलमन आणि मासिकाच्या कला संपादक फ्रांस्वाज मुली यांचं काम.

असा काळा आपल्याकडच्या ऑफसेटवरही जमतो. छपाईच्या चार शाया असतात: सी निळसर, एम गुलाबी, वाय पिवळी, के काळी, आणि पुढचा आकडा म्हणजे टक्के. नुसता के १०० छापला तर तो करडा, विटका दिसतो. के १००सोबत सी ६०, एम ४०, वाय ४० दिलं की गडद होतो. दोन्ही काळे शेजारी ठेवले की तसा लपलेला आकार मिळतो. पण प्रेसवाल्यांकडून आधी नमुना काढून घ्या, कारण प्रत्येक कागद शाई वेगळी पितो. आतली पानं एकरंगी असतील तर मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा कागद घ्या. आर्ट पेपरची चकाकी अशा मजकुराला शोभत नाही. पिन बाइंडिंगसाठी पानसंख्या चारच्या पटीत हवी. सोळा पानांचा एक फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) धरलात तर खर्च बसतो. बारीक रेघेची अक्षरं गडद काळ्यात उलटी पांढरी टाकू नका, ती भरून जातात.

पायरी ९: कधी काढायचं, पैसे कुणाला

मार्व्हलचा 'हीरोज' महिन्याभरात, ऑक्टोबर २००१मध्ये आला. त्याचे पैसे ट्विन टॉवर्स फंडाला गेले. 'इमर्जन्सी रिलीफ' हा स्वतंत्र कलाकारांचा संग्रह अमेरिकन रेड क्रॉससाठी होता. स्पीगलमनांचं पुस्तक २००४ला आलं, नाकाझावांना तर पाव शतक लागलं. मदतनिधीसाठी काढायचं असेल तर लवकर काढा आणि साधं ठेवा, एकेका पानाची चित्रं पुरेत. सखोल काम करायचं असेल तर घाई करू नका. दोन्ही एका पुस्तकात कोंबलं की दोन्ही बिघडतं.

पैशांचं छपाईआधी ठरवा. ज्या संस्थेला द्यायचे तिची लेखी संमती घ्या, मगच तिचं नाव छापा. दुसऱ्या पानावर स्वच्छ लिहा: सगळी रक्कम देणार की छपाईखर्च वजा जाता उरेल ती. विक्री संपली की हिशेब जाहीर करा, पावतीसकट. लोक शोकाच्या नावाने पैसे देताना प्रश्न विचारत नाहीत, म्हणून उत्तर आपणच आधी द्यायचं.

पायरी १०: छापण्याआधी घरी न्या

पूर्ण झालेली पानं ज्याची गोष्ट आहे त्याला आधी दाखवा. मोबाइलवर नको, कागदावर. शेजारी बसा, समजावून सांगू नका, पेन्सिल त्यांच्या हाताशी ठेवा.

आजींनी देवळीचं पान बराच वेळ धरून ठेवलं. कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं, काही विचारलं नाही. मग पहिल्या चौकटीतल्या पाटाकडे बघून म्हणाल्या, "हितं लाह्या पडल्या होत्या. पोरांनी सांडल्या होत्या परसादाच्या. सकाळी झाडीन म्हनून तशाच ठेवल्या मी." पेन्सिल घेऊन त्यांनी पाटाभोवती सातआठ ठिपके दिले. त्यांवर मी फक्त शाई फिरवली. छापलेल्या पुस्तकात ते ठिपके त्यांनी दिलेत तिथेच आहेत.